वणवा आणि वारा

वैशाख लागला की पुण्याच्या मंडईला रानाचा वास येऊ लागतो. मधोमध उंच अष्टकोनी मनोरा आणि त्याच्या भोवती पसरलेले दगडी, कौलारू सोपे अशी ही मंडईची इमारत. तिच्यात भाज्यांचे ढीग बारा महिने असतात. परंतु बाहेर रस्त्याच्या कडेला पाट्या मांडून बसणाऱ्या काही बायका याच दिवसांत दिसतात. त्या डोंगराकडच्या असतात. कोणी मुळशीकडून आलेली, कोणी भोरकडून, कोणी सिंहगडाच्या पायथ्याकडून. त्यांच्या पाट्यांत काळीभोर करवंदे असतात. पानाच्या द्रोणात मूठभर करवंदे पडली की मुलांची बोटे चिकाने चिकट होतात, आणि ‘कोंबडा की कोंबडी’ हा खेळ तिथेच, रस्त्यावर सुरू होतो.

अशाच एका वैशाखात आजीबरोबर आलेल्या एका मुलीने द्रोण हातात घेतला आणि ती हिरमुसून म्हणाली, “मावशी, यंदा एवढीशीच का हो?”

“काय करू पोरी!” ती बाई म्हणाली, “करवंदी फुलावर आली व्हती, आन् डोंगराला वणवा लागला. सांजच्याला वारं सुटलं. वारं नसतं, तर आमीच झोडपून इझवला असता.”

वणवा म्हणजे रानाला लागलेली आग, हे तुम्हांला ठाऊक आहेच. पण त्या बाईने आगीला फारसा दोष दिला नाही. तिने दोष दिला वाऱ्याला. तिचे म्हणणे किती अचूक होते, ते समजण्यासाठी आपल्याला मंडईतून निघून डोंगरावर जावे लागेल.

पावसाळ्यात पुण्याभोवतीच्या टेकड्या हिरव्यागार असतात. आश्विनापर्यंत गवत कमरेएवढे वाढते. मग पाऊस थांबतो, आणि ते गवत हळूहळू पिवळे पडू लागते. चालणाऱ्याच्या धोतरात, मोज्यांत नि गुरांच्या अंगात रुतून बसणारी कुसळे याच गवताची. माघ-फाल्गुनात सालई, मोई, काटेसावर यांची पाने गळतात आणि वाळलेल्या गवतावर पाचोळ्याचा आणखी एक थर चढतो. म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर साऱ्या टेकड्यांवर निसर्गाने जणू सरपणच पसरून ठेवलेले असते. फक्त ठिणगी पडावयाची वाट असते.

ही ठिणगी आकाशातून सहसा पडत नाही. आपल्याकडे वीज पडते ती बहुधा पावसाबरोबर. वणव्याची ठिणगी जवळजवळ नेहमीच माणसाच्या हातून पडते. कोणी विडीचे थोटूक न विझवता फेकतो. कोणी सहलीला जाऊन चूल मांडतो आणि निखारे तसेच सोडून येतो. कोणी शेताचा बांध पेटवतो, कोणी कचरा. काही जण तर जाणूनबुजून गवत जाळतात. जुने गवत जाळले म्हणजे पावसाळ्यात नवे गवत जोमाने येते, अशी त्यांची समजूत असते. राखेने थोडे खत मिळते, हे खरे आहे; पण ते मिळवताना किती गमवावे लागते! मातीवरचे पांघरूण जळून जाते, आणि पहिला वळीव कोसळला की उघडी पडलेली माती ओढ्यांतून वाहून जाते. झाडांची दोन-तीन वर्षांची रोपे होरपळतात. टिटवी आणि चंडोल हे पक्षी झाडावर घरटी बांधत नाहीत. त्यांची अंडी जमिनीवरच असतात. त्यांच्या विणीच्या हंगामाला आरंभ होतो, तो नेमका याच दिवसांत.

आता वाऱ्याकडे वळू. घरातल्या देवापुढच्या समईवर फुंकर घाला, ती विझते. चुलीतल्या निखाऱ्यांवर फुंकणीने फुंकर घाला, ते फुलतात. फुंकर तीच, मग एकीकडे ज्योत विझते आणि दुसरीकडे जाळ होतो, हे कसे? समईची ज्योत लहान असते. फुंकरीने ती वातीपासून दूर ढकलली जाते, वात थंड होते आणि आग संपते. चुलीत मात्र उष्णतेचा साठा मोठा असतो. फुंकरीने तो थंड होत नाही, उलट त्याला नवी हवा मिळते. हवेत सुमारे एक पंचमांश प्राणवायू असतो, आणि जळण्याला तो लागतोच. वणव्याची उष्णता तर चुलीच्या हजारो पट असते. त्याला वारा म्हणजे अखंड चालणारा भाता. संस्कृतात अग्नीचे एक नाव ‘वायुसखा’ असे आहे. वायू ज्याचा मित्र आहे, तो वायुसखा. नाव ठेवणाऱ्याने रानातली आग डोळ्यांनी पाहिली असली पाहिजे.

पण प्राणवायू पुरवणे एवढेच या मित्राचे काम नव्हे. वारा नसला म्हणजे ज्वाळा सरळ वर जाते आणि तिची बरीचशी उष्णता आकाशात निघून जाते. पुढचे गवत हळूहळू तापते, आग पावलापावलाने सरकते. अशा आगीला चार-सहा माणसे हिरव्या डहाळ्यांनी झोडपून विझवू शकतात. वारा सुटला की ज्वाळा पुढे वाकते. ती पुढच्या गवतावर ओणवी होते, त्याला पेटण्याआधीच भाजून काढते, आणि त्यामुळे ते गवत क्षणात भडकते. संथपणे सरपटणारी आग धावू लागते. जोराच्या वाऱ्यात उघड्या माळावरची गवताची आग धावणाऱ्या माणसालाही मागे टाकू शकते.

चढणीवर हीच गोष्ट वाऱ्यावाचूनही घडते. आगकाडी पेटवून गूल वर राहील अशी उभी धरा. ती मंदपणे जळते. पेटलेले टोक खाली करा. ज्वाळा भरभर काडी खाऊन बोटांकडे येते. (हा प्रयोग मोठे माणूस जवळ असतानाच करावा.) डोंगराचा उतार म्हणजे तिरपी धरलेली आगकाडीच होय. खाली पेटलेल्या आगीला वरचे गवत जवळ असते, आणि तापलेली हवाही वरच जाते. चढ दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा वणव्याचा अभ्यास करणाऱ्यांचा अंदाज आहे. म्हणून वणवा दिसताच घाबरून डोंगराच्या माथ्याकडे पळणे, यासारखी मोठी चूक नाही.

पुण्याच्या वाऱ्याचा दिनक्रमही लक्षात ठेवण्याजोगा आहे. फाल्गुन-चैत्रात पहाटे वारा पडलेला असतो आणि गवताला किंचित ओल असते. त्या वेळी पडलेली ठिणगी पुष्कळदा आपोआप विझते. सूर्य चढतो तशी हवा कोरडी होते. भर दुपारी हवेतील आर्द्रता शेकडा वीसच्या आसपास, कधी त्याहूनही खाली येते, आणि गवत हातात घेतले तर कुरकुरत मोडते. तिसऱ्या प्रहरी पश्चिमेचा वारा जोर धरतो. त्यानंतर, दिवस कलता कलता, समुद्रावरून निघालेला गार वारा सह्याद्री ओलांडून शहरात पोहोचतो. पुणेकर या वाऱ्याची वाट पाहत असतात. गच्चीत जाऊन बसतात, उकाडा गेला म्हणून सुखावतात. मंडईतल्या त्या बाईने ‘सांजच्याला सुटलेलं वारं’ म्हटले, ते हेच. समुद्रावरचा वारा थोडा दमट असतो खरा. पण दिवसभर भाजून निघालेल्या गवताला ओल धरावयास काही तास लागतात. तेवढ्यात डोंगर जळून जातो.

वाऱ्याची दिशा बदलणे हे तर त्याहून घातक. वाऱ्याबरोबर धावणारा वणवा पुष्कळदा लांब, चिंचोळ्या पट्ट्यासारखा असतो. त्याचे तोंड अरुंद आणि दोन्ही बाजू लांबलचक. आता वाऱ्याने एकदम दिशा बदलली, तर काय होईल? जी बाजू इतका वेळ मंद जळत होती, ती सबंध बाजूच आगीचे तोंड बनते, आणि मैलोगणती लांबीची आग नव्या दिशेने चालून येते. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतात ७ फेब्रुवारी २००९ रोजी असेच झाले. दिवसभर उत्तरेकडून उष्ण वारा वाहत होता. संध्याकाळच्या सुमारास तो नैर्ऋत्येकडून वाहू लागला. त्या दिवशीच्या वणव्यांत १७३ माणसे दगावली.

वाऱ्याचे आणखी एक काम राहिले, आणि वस्तीच्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. जळती साल, पेटलेले पान, धगधगता काटका यांना वारा उचलतो आणि दूर नेऊन टाकतो. वणवा वस्तीत शिरतो तो पुष्कळदा ज्वाळांच्या भिंतीसारखा नव्हे, तर अशा निखाऱ्यांच्या पावसासारखा. मधे रस्ता असो, ओढा असो, निखारा त्यावरून उडून जातो आणि एखाद्या घराच्या वळचणीत, लाकडाच्या ढिगात किंवा कचऱ्यात जाऊन पडतो. मग जळणाऱ्या घरातूनच पुढच्या घरावर निखारे उडू लागतात. आता त्या आगीला रानाची गरजच उरत नाही.

हवाई बेटांपैकी माउई बेटावरचे लाहैना हे जुने गाव ८ ऑगस्ट २०२३ रोजी असेच नष्ट झाले. गावामागच्या उतारावर पूर्वी उसाचे मळे होते. ते बंद पडल्यावर त्या जमिनीवर परदेशी गवत माजले होते. त्या दिवशी डोंगरावरून समुद्राकडे सोसाट्याचा वारा सुटला. गवतातली आग गावात शिरली. जीव वाचवण्यासाठी काही लोकांनी समुद्रात उड्या टाकल्या. शंभराच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. अमेरिकेतील लॉस एंजेलिस या महानगराच्या डोंगराळ उपनगरांत ७ जानेवारी २०२५ रोजी वणवे भडकले आणि पाहता पाहता सोळा हजारांहून अधिक इमारती जळाल्या. त्या शहराजवळ पाणी फवारणारी विमाने होती. पण पहिल्या रात्री वाऱ्यामुळेच ती उडवता येईनात. ज्या साधनाचा एवढा भरवसा, तेच वाऱ्याने जमिनीला खिळवून ठेवले.

आता पुन्हा पुण्याकडे येऊ. येथे उगीच भीती घालावयाची नाही. पुण्यातली बहुतेक घरे विटांची नि काँक्रीटची आहेत. लॉस एंजेलिसच्या घरांसारखी लाकडी नाहीत. आपल्या टेकड्यांवर घनदाट अरण्य नाही. गवताची आग लौकर पेटते तशी लौकर संपतेही. मात्र आग शहराला अपरिचित आहे, असे कोणी समजू नये. १८८६ साली आजची मंडई सुरू झाली. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तिला त्या वेळी ‘रे मार्केट’ म्हणत; आज ती महात्मा फुले मंडई म्हणून ओळखली जाते. त्यापूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात भरत असे. ज्या वाड्यापुढे तो भरे, तो वाडा फेब्रुवारी १८२८ मध्ये पेटला आणि सुमारे आठवडाभर जळत राहिला. सागवानी खांब, कोरीव तक्तपोशी, मजल्यांवर मजले, सारे राख झाले. दगडाचे होते तेवढे उरले. एकदा लाकूड धगधगू लागले की माणसाच्या हाती किती थोडे राहते, हे पुण्याने तेव्हाच पाहिले होते.

त्या काळी आग पेठांतली, आणि वणवा डोंगरावरचा. दोहोंची गाठ पडत नसे. पर्वतीला जाणे म्हणजे गावाबाहेर जाणे होते. पुढे शहर वाढले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेच्या पुराने नदीकाठच्या पेठा उद्ध्वस्त केल्या. बेघर झालेल्या लोकांसाठी उंचावर, सुरक्षित जागी नव्या वसाहती उभारण्यात आल्या. त्यांतले गोखलेनगर टेकडीच्या कुशीतच वसले आहे. पाण्यापासून दूर नेलेली घरे गवताच्या शेजाराला आली, असे म्हणावेसे वाटते. नंतरच्या वर्षांत तर धनकवडी, कात्रज, कोंढवा, वारजे, बावधन, पाषाण अशी चहूकडे वस्ती पसरत गेली. आज कित्येक इमारतींच्या कुंपणाच्या एका बाजूस मुलांचे झोपाळे असतात आणि दुसऱ्या बाजूस लगेच टेकडीचे वाळलेले गवत. वणवा शहराकडे आलेला नाही. शहरच चालत त्याच्याकडे गेले आहे.

तळजाई, वेताळ टेकडी, कात्रजचा घाट येथे उन्हाळ्यात वणवे लागतात आणि रात्री त्यांच्या तांबड्या रेघा दूरच्या घरांच्या खिडक्यांतून दिसतात. वारा वस्तीकडे असला, तर आधी धूर येतो. दम्याच्या रोग्यांचे त्याने फार हाल होतात. त्यामागून राखेचे काळे तुकडे वाळत घातलेल्या कपड्यांवर पडू लागतात. ते थंड असतात तोवर ठीक. पण ज्या वाऱ्यावर राख येते, त्याच वाऱ्यावर निखाराही येऊ शकतो. टेकडीच्या उतारावर पत्र्याच्या आणि प्लास्टिकच्या आडोशांनी उभारलेली घरे असतात, कुंपणापाशी सुक्या कचऱ्याचे ढीग असतात. धोका सर्वांत जास्त तेथे. अग्निशामक दलाचा मोठा बंब टेकडीच्या पायवाटेने वर चढू शकत नाही. तो खालच्या रस्त्यावर उभा राहून वस्तीचे रक्षण करतो; वरची आग माणसांनाच विझवावी लागते.

ती कशी विझवतात? वनविभागाचे लोक आणि गावकरी हिरव्या डहाळ्या घेऊन आगीवर जातात. अलीकडे पाठीवर बांधून जोराने हवा फेकणारी यंत्रेही वापरतात. येथे तुम्हांला शंका येईल: हवेने तर आग भडकते, मग हवेने ती विझवावयाची कशी? समई आठवा. आगीची कडा जेथे बारीक असते, तेथे यंत्राचा झोत पेटता पाचोळा जळलेल्या जागेकडे ढकलतो आणि ज्योतीला गवतापासून तोडतो. जाणते लोक आगीच्या तोंडासमोर कधीच जात नाहीत. ते वारा पाठीशी घेऊन, जळून काळ्या झालेल्या जमिनीच्या बाजूने, तिच्या दोन्ही कडा मोडत पुढे सरकतात. काळी जमीन पुन्हा जळत नाही, म्हणून उभे राहावयास तीच सर्वांत निर्धोक जागा. जोराचा वारा असला तर हेही चालत नाही. मग वारा पडण्याची वाट पाहणे आणि वस्ती राखणे एवढेच हाती राहते.

खरी लढाई म्हणून फाल्गुनात लढावयाची नसते. ती मार्गशीर्ष-पौषात लढावयाची असते. त्या थंडीत, पहाटेचे दव असताना, वनविभागाचे मजूर डोंगराच्या अंगावर रुंद पट्टे आखून तेथील गवत कापतात आणि नजरेखाली जाळून टाकतात. याला जाळरेषा म्हणतात. पुढे वणवा धावत आला, तर या मोकळ्या पट्ट्यापाशी त्याला खावयास काही मिळत नाही, आणि माणसांना उभे राहावयास जागा मिळते. जोराच्या वाऱ्यात निखारा जाळरेषा ओलांडतोही. तरी सबंध डोंगर एकदम जाण्याचे टळते. टेकडीलगतच्या वसाहतींनाही हाच उपाय लागू आहे: कुंपणाबाहेरचा गवताचा पट्टा हिवाळ्यातच कापून ठेवणे, आणि तेथे कचरा न टाकणे.

आता आकाशातूनही पहारा असतो. पृथ्वीभोवती फिरणारे काही उपग्रह जमिनीवरची उष्णता टिपतात. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून, रान कोठे तापलेले दिसते त्याची सूचना राज्याच्या वनविभागाकडे जाते. परंतु उपग्रह काही एकाच टेकडीवर डोळे लावून बसलेला नसतो. तो दिवसातून ठराविक वेळांना वरून जातो. त्याच्या दोन फेऱ्यांमध्ये लागलेली लहान आग त्याला दिसेलच असे नाही. टेकडीवर फिरावयास गेलेल्या मुलाने धुराची पहिली वेटोळी पाहून खाली पळत यावे आणि अग्निशामक दलाला १०१ किंवा वनविभागाला १९२६ या क्रमांकावर दूरध्वनी करावा, यात जो वेळ वाचतो तो कोणत्याही यंत्राने वाचत नाही. वाऱ्याच्या आधी पोहोचावयाचे असते, म्हणून मिनिटांची किंमत.

मंडईतली ती मुलगी द्रोण घेऊन निघाली होती. जाता जाता तिने वळून विचारले, “मावशी, मग आता तुमच्या डोंगरावर करवंदे कधीच येणार नाहीत?”

बाई हसली. “येत्यात की! वरची जाळी जळती, पर खाली मुळं जित्ती असत्यात. पाऊस पडला की कोंब फुटत्यात. पर कोंबाला लगीच करवंदं नसत्यात. दोन-तीन सालं आगीबिगर जायला पायजेत.”

ती पाटीतली उरलेली करवंदे मोजून द्रोणांत घालू लागली. आठ द्रोण झाले. मागल्या साली याच दिवशी, ती आजीला सांगत होती, दोन पाट्या दुपारच्या आत संपल्या होत्या.